मॉडेलच्या प्रत्येक चौकटीशेजारी एक भरलेली पट्टी ठेवा

गोदाकाठ (धागाकर्ता)

कांद्याचे व्यापारी, द्राक्षांची पॅकहाऊस, शेतकरी उत्पादक कंपन्या, सातपूर-अंबडमधली वर्कशॉप्स अशांसाठी सॉफ्टवेअर करणारे किंवा करून घेणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा विषय इथेच काढतोय.

आपल्याकडे कामाची सुरुवात आराखड्याने होते. शेतकरी, आवक, लिलाव, वजन, पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब), पेमेंट अशा चौकटी, त्यांच्यात बाण, बाणांवर 'एकाला एक' किंवा 'एकाला अनेक'. व्यापारी किंवा त्यांचे दिवाणजी तो कागद बघतात, 'बरोबर आहे' म्हणतात आणि काम सुरू होतं. त्या 'बरोबर आहे'वर माझा अजिबात विश्वास नाही. चौकटीत 'पट्टी' लिहिलेलं असतं तेव्हा दिवाणजींच्या डोळ्यांसमोर त्यांच्या गल्ल्यावरची पट्टी असते आणि प्रोग्रामरच्या डोळ्यांसमोर डेटाबेसमधली एक ओळ. दोघंही मनापासून हो म्हणतात. फरक कळतो तो पहिल्या हंगामात, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना.

म्हणून माझा आग्रह असा, की आकडे भरलेलं एक तरी उदाहरण शेजारी असल्याशिवाय कुठलीही चौकट मंजुरीला ठेवू नये.

लासलगाव-पिंपळगावकडचं नेहमीचं चित्र घ्या. मोकळा कांदा ट्रॉलीत येतो, लिलाव होतो, भरलेल्या ट्रॉलीचं वजन होतं, व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवायच्या जागेवर) माल खाली होतो, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन. समजा निव्वळ माल 26 क्विंटल 40 किलो आणि भाव 1,450. पट्टी 38,280 रुपयांची, त्यातून हमाली-तोलाई वजा. आराखडा म्हणतो एका वाहनाचा एक लिलाव, एक भाव, एक पट्टी. जमलं.

आता तीच ट्रॉली खळ्यावर खाली करताना तळाशी गोल्टी (बारीक कांदा) निघाली. वांधा पडला, म्हणजे लिलावात ठरलेल्या भावावरून वाद झाला. बसून ठरलं की 20 क्विंटल 1,450 ने आणि 6 क्विंटल 40 किलो 1,100 ने. म्हणजे 29,000 अधिक 7,040, एकूण 36,040. एक वाहन, एक लिलाव आणि भाव मात्र दोन. हा दुसरा भाव लिहायचा कुठे?

किंवा वांधा नाहीच, पण ट्रॉलीत चुलत्या-पुतण्याचा मिळून माल आहे आणि दोघांना वेगळी पट्टी हवी आहे. चुलत्याचे 16 क्विंटल 40, पुतण्याचे 10. पट्ट्या 23,780 आणि 14,500 च्या. आराखड्यात यालाही जागा नाही.

यातलं काहीही दुर्मीळ नाही. दिवाणजींना विचारलं तर ते म्हणतील, हे तर रोजचंच आहे. मग आराखडा पाहताना ते बोलले का नाहीत? कारण आराखड्याने त्यांना तसं काही विचारलंच नव्हतं. भरलेली पट्टी समोर ठेवली की तोच माणूस दुसऱ्या मिनिटाला म्हणतो, 'अहो, पण वांधा पडला तर?'

तुम्ही काय करता ते लिहा.

---

पिंपळगावकर

आमचं स्वतःचं खळं आहे, म्हणून आमच्या बाजूने सांगतो. वांध्याचे अजून दोन प्रकार तुमच्या यादीत हवेत. एक म्हणजे सगळ्या गाडीचाच भाव उतरतो. 1,450 चे 1,400 होतात, वजन तेच. दुसरा प्रकार, शेतकऱ्याला काहीच मान्य होत नाही आणि तो माल परत भरून नेतो. भरलेल्या गाडीचं वजन झालेलं असतं, लिलावाची नोंद असते, पण पट्टी होतच नाही. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशा गाडीला शून्य रुपयांची पट्टी काढावी लागायची, आणि महिनाअखेरीला सरासरी भाव काढला की तो उगाच खाली दिसायचा.

शिवाय 'शेतकरी' या चौकटीतच तीन माणसं आहेत. ट्रॅक्टर घेऊन येतो मुलगा, पट्टी होते वडिलांच्या नावावर, पैसे जायचे असतात आईच्या खात्यात. सॉफ्टवेअरवाला विचारतो, शेतकऱ्याचा मोबाईल नंबर सांगा. कोणाचा सांगू?

---

चौकट_पहिली

धागाकर्त्यांशी मी अर्धाच सहमत आहे.

बरीच वर्षं ईआरपीच्या (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कामात आहे आणि उदाहरणांच्या मागे लागून बिघडलेली सॉफ्टवेअर मी जास्त पाहिली आहेत. क्लायंट रोज एक नवा किस्सा सांगतो. वांधा पडला की एक रकाना, दोन नावं असली की एक टिकमार्क, माल परत गेला की अजून एक स्टेटस. दोन वर्षांनी त्या टेबलात साठ रकाने असतात आणि कुठला कधी भरायचा हे कोणालाच सांगता येत नाही. उदाहरण एकच प्रसंग सांगतं, नियम सांगत नाही. 26.40 गुणिले 1,450 यावरून हमाली वजनावर आहे की वाहनावर, हे कळतं का? नाही कळत. तिथे नियमच लिहावा लागतो.

अमूर्त विचार करायचा कंटाळा म्हणून उदाहरणं गोळा करणारे खूप आहेत. धागाकर्ते तसे नसतील, पण तुमचा धागा वाचून लोक तसं करतील.

---

गोदाकाठ

चौकट_पहिली, तुमचा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच मी 'शेजारी' म्हणतो. आराखडा काढून टाका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. साठ रकाने होतात ते प्रत्येक उदाहरण आलं तसं एकेकटं हाताळल्यामुळे. दोन-तीन उदाहरणं एकाच कागदावर मांडून बघितली तर वेगळं काही दिसतं.

वरची दोन्ही घ्या. वांध्यात एका वजनाचे दोन तुकडे झाले, भाव वेगळा. चुलता-पुतण्यातही एका वजनाचे दोन तुकडे झाले, नाव वेगळं. म्हणजे दोन्हीकडे घडतंय एकच: वजन एकदा होतं आणि मग त्याची वाटणी होते. वाटणीच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात, किती माल, कुठल्या भावाने, कोणाच्या नावे. 'वाटणी' ही चौकट मूळ आराखड्यात नव्हती आणि कुठल्याही दिवाणजीने ती सुचवली नसती, कारण त्यांच्यासाठी ते फक्त पट्टीवरचं हाताने केलेलं लिखाण आहे. ती उदाहरणांतून निघाली. नवा रकाना नाही, टिकमार्क नाही. पिंपळगावकरांचा परत गेलेला माल म्हणजे वजन आहे आणि वाटणीची एकही ओळ नाही. शून्याची पट्टी काढायची गरज उरत नाही, सरासरीही बिघडत नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. ही चौकट मिळाली की तिच्यावरून आपण असं उदाहरण बनवू शकतो जे अजून कोणी सांगितलेलं नाही. वांधाही पडला आणि माल चुलत्या-पुतण्याचाही आहे. 1,100 चे ते 6 क्विंटल 40 किलो कोणाचे? पिंपळगावकर, तुमच्याकडे काय करतात?

---

पिंपळगावकर

आधी त्या दोघांनाच विचारतो. एकजण म्हणाला की खालचा माल माझा, तर त्याच्या पट्टीत जातो. दोघंही गप्प राहिले तर वजनाच्या प्रमाणात. पण हे लिहून ठेवलेलं कुठेच नाही, दिवाणजींच्या डोक्यात आहे.

---

गोदाकाठ

मग आपण आत्ता लिहू.

6.40 ची प्रमाणात वाटणी केली तर चुलत्याकडे 3 क्विंटल 98 किलो आणि पुतण्याकडे 2 क्विंटल 42 किलो (किलोपर्यंत पूर्ण करून).

चुलता: 12.42 गुणिले 1,450 = 18,009, अधिक 3.98 गुणिले 1,100 = 4,378. एकूण 22,387.
पुतण्या: 7.58 गुणिले 1,450 = 10,991, अधिक 2.42 गुणिले 1,100 = 2,662. एकूण 13,653.
बेरीज 36,040. मूळ रकमेशी जुळली.

पण कोणी वजन न वाटता थेट 36,040 रुपयेच 16.40 आणि 10 च्या प्रमाणात वाटले, तर चुलत्याला 22,388.48 आणि पुतण्याला 13,651.52 मिळतात. दीड रुपयाचा फरक. रक्कम क्षुल्लक आहे, पण हंगामभर हजारो पट्ट्यांत हा फरक राहिला तर दिवाणजींची वही आणि संगणक कधीच जुळणार नाहीत आणि लोक पुन्हा वहीकडे जातील. 'प्रमाणात वाटावे' एवढाच नियम लिहिला असता तर दोन प्रोग्रामरनी दोन पद्धतींनी केला असता आणि दोघंही नियमाला धरूनच असते.

---

सातपूरकर

माझं क्षेत्र वेगळं, पण दुखणं तेच. आम्ही कास्टिंग (ओतीव भाग) बाहेर जॉबवर्करकडे मशीनिंगला पाठवतो. सॉफ्टवेअरच्या चलनावर तीन आकडे: पाठवलेले, आलेले, रिजेक्ट. 500 पाठवले, 480 चांगले आले, 20 रिजेक्ट. हिशेब बरोबर दिसतो.

प्रत्यक्षात त्या 20 मध्ये 12 मशीनिंगला बिघडलेले आणि 8 कास्टिंगमध्येच ब्लोहोल (आतली पोकळी) असलेले. पहिले 12 जॉबवर्करच्या अंगावर, त्याच्या बिलातून कास्टिंगची किंमत कापायची. उरलेले 8 आमच्या फाउंड्रीच्या अंगावर. ब्लोहोल तिसऱ्या ऑपरेशनला उघडा पडला असेल तर जॉबवर्कर तोपर्यंतची मजुरी मागतो, आणि ती द्यावी लागते. 'रिजेक्ट 20' या एका आकड्यात तीन वेगळे पैसे दडलेले असतात. अंबडमधल्या कुठल्याही सुपरवायझरला 500 नगांचं एक चलन भरायला सांगा, तो रिजेक्टच्या रकान्यापाशी थांबून विचारेल, 'सीआर की एमआर?' म्हणजे दोष कास्टिंगचा की मशीनिंगचा? हा प्रश्न आराखड्यावरून कोणी विचारत नाही.

आणि हो, जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा. त्यामुळे त्या 8 नगांचं पुढे काय झालं हेही सांगता आलं पाहिजे. तेसुद्धा उदाहरण भरतानाच लक्षात येतं.

---

टेस्टरताई

सातपूरकर, अगदी. मी टेस्टिंगमध्ये आहे आणि माझ्या मते हे सगळं टेस्टिंगआधीच व्हायला हवं. आमच्या टीममध्ये आम्ही उदाहरणांचे कार्ड मांडतो: पिवळ्यावर मागणी, निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरण, लालवर अनुत्तरित प्रश्न. ही पद्धत बाहेर एक्झाम्पल मॅपिंग म्हणून ओळखली जाते. निळ्या कार्डाखाली एकही हिरवं नसेल तर तो नियम कोणाला समजलेला नाही असं आम्ही धरतो. एका निळ्याखाली हिरव्यांची गर्दी झाली तर त्यात दोन नियम मिसळलेत का ते बघतो. चौकट_पहिली यांच्या साठ रकान्यांच्या भीतीवर मला हा चांगला उपाय वाटतो, कारण यात नियम आणि उदाहरण दोघांनाही वेगळी जागा आहे.

ज्यांना उदाहरणं थेट टेस्ट म्हणून चालवायची आहेत त्यांच्यासाठी: ककुंबर या टेस्टिंग टूलच्या घेर्किन भाषेत मराठीही चालतं. जर, जेव्हा, मग असं लिहून खरी टेस्ट चालते. दिवाणजींना वाचून दाखवता येते ही मोठी सोय. मात्र सुरुवात तिथून करू नका. एक्सेलमध्ये तक्ता करा, तो दिवाणजींनी पेनने दुरुस्त करू देत. टूल नंतर.

---

जुनाविद्यार्थी

संगणकातलं मला फार कळत नाही, न्यायशास्त्र शिकलो आहे. इथली चर्चा वाचून राहवलं नाही.

न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवण्यासाठी जे अनुमान मांडायचं त्याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो, जिथे धूर तिथे अग्नी जसं स्वयंपाकघरात, तसाच हा डोंगर, म्हणून इथे अग्नी आहे. लक्षात घ्या, 'जिथे धूर तिथे अग्नी' हा सर्वसाधारण नियम आणि 'जसं स्वयंपाकघर' हे उदाहरण दोन्ही एकाच अवयवात आहेत. नियम एकटा उच्चारायचा नाही, उदाहरणही एकटं नाही.

आणि नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत. उलट बाजूचं उदाहरणही देतात: जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसं सरोवर. तुमच्या धाग्यात मला अजून सरोवर दिसलं नाही. सगळी उदाहरणं काय घडतं याचीच आहेत. काय कधीच घडता कामा नये याचं एखादं?

---

डेटाबेस_शिकवते

जुनाविद्यार्थी, नेमक्या जागी बोट ठेवलंत. वर्गात मी याच मुद्द्यावर सर्वात जास्त वेळ घालवते.

डेटा मॉडेलिंगमध्ये ऑब्जेक्ट रोल मॉडेलिंग नावाची एक पद्धत आहे (प्रोग्रामर ज्या ओआरएम लायब्ररी वापरतात त्यांच्याशी हिचा संबंध नाही). तिची पहिली पायरीच अशी, की धंद्यातले भरलेले कागद, रिपोर्ट, बिलं घ्या आणि त्यांतली माहिती साध्या वाक्यांत सांगा. मग त्या वाक्यांचा छोटा तक्ता करा आणि जाणकाराला विचारा: या दोन ओळी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का?

'एकाला अनेक'चा बाण दाखवला तर कोणीही हो म्हणतं. त्याऐवजी ही दोन विधानं ठेवा:

प्लॉट 7 ची ऑक्टोबर छाटणी 5 तारखेला झाली.
प्लॉट 7 ची ऑक्टोबर छाटणी 19 तारखेला झाली.

दिंडोरीच्या बागायतदाराला विचारा, दोन्ही खरं असू शकतं का? तो एक तर म्हणेल, 'छे, एका प्लॉटची छाटणी एकदाच धरायची,' किंवा म्हणेल, 'मजूर मिळाले नाहीत की अर्धी बाग मागाहून होते.' पहिलं उत्तर आलं तर दुसरी ओळ हेच तुमचं सरोवर, सॉफ्टवेअरने ती नाकारलीच पाहिजे. दुसरं आलं तर 'प्लॉट' म्हणजे काय हेच पुन्हा ठरवावं लागेल. निर्यातीच्या द्राक्षात हे फार नाजूक आहे. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी प्लॉटची होते, औषधांच्या अंशाच्या तपासणीचा नमुनाही प्लॉटचाच असतो, बागायतदाराचा नव्हे. मॉडेलमध्ये माल नुसता शेतकऱ्याच्या नावाशी जोडला तर कुठली पेटी कुठल्या तपासणी अहवालाखाली गेली हे सांगता येणार नाही.

यूएमएलमध्येही (सॉफ्टवेअरचे आराखडे काढायची प्रमाण चित्रभाषा) क्लास डायग्रामसोबत ऑब्जेक्ट डायग्राम आहेच, म्हणजे तेच चित्र, पण प्रत्यक्ष किमती भरून. कॉलेजात परीक्षेपुरतं शिकवलं जातं आणि नोकरीत कोणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

चौकट_पहिली

'या दोन ओळी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का' हा प्रश्न मी उद्यापासून वापरणार. यात उदाहरण नियमाची परीक्षा घेतंय, नियमाची जागा घेत नाही. माझा विरोध या प्रकाराला नाही.

'वाटणी'ची चौकटही मान्य. पण तिथे पोचायला उदाहरणं शेजारी मांडून 'यांत सारखं काय' हे विचारणारा माणूस लागतो. ते काम तक्ता आपोआप करत नाही.

---

हिशोबनीस

एक सूचना. प्रत्येक उदाहरणावर तारीख टाका. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, कांदा-बटाटा त्यात आला, आणि अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्याआधीच्या पट्टीत अडत शेतकऱ्याच्या रकमेतून वजा होताना दिसेल, नंतरच्या पट्टीत नाही दिसणार. दोन्ही पट्ट्या आपापल्या काळात बरोबर. तारीख नसली तर नवा माणूस जुनं उदाहरण बघून नियमच उलटा समजेल. नियम बदलला म्हणून जुनं उदाहरण फेकूही नका. जुन्या वर्षाचा हिशेब पुन्हा काढायची वेळ येते तेव्हा तेच कामाला येतं.

आणि पट्ट्या गोळा करताना नावं, खाते क्रमांक, मोबाईल खोडून घ्या. आकडे मात्र जसेच्या तसे ठेवा. लोक सोयीसाठी 26.40 चे 25 आणि 1,450 चे 1,000 करतात. गोल आकड्यांत दीड रुपयाचा फरक कधीच दिसला नसता.

---

येवलेकर

उशिरा आलो. आमच्या शेतकरी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीत (साठवणुकीच्या शेडमध्ये) ठेवलेल्या उन्हाळ कांद्यासाठी 'घट' (साठवणुकीत कमी झालेलं वजन) असा रकाना ठेवलाय आणि दर आठवड्याला तो भरा म्हणतात. पोरं अंदाजे काहीतरी टाकतात. याला काय उदाहरण द्यायचं?

---

गोदाकाठ

एका चाळीचं पूर्ण वर्षाचं उदाहरण काढा. एप्रिलमध्ये भरताना वजन केलं होतं का? मधल्या काळात सडका कांदा निवडून बाहेर काढता तेव्हा तो मोजता का?

---

येवलेकर

भरताना ट्रॉलीचं वजन केलं होतं. सड मोजत नाही, थेट उकिरड्यावर जाते. त्यानंतर वजन होतं ते विकायला काढताना.

---

गोदाकाठ

मग तुमच्या इथे प्रत्यक्ष मोजमाप दोनदाच होतं, भरताना आणि काढताना. घट ही त्यांची वजाबाकी आहे, आणि चाळ पूर्ण रिकामी होईपर्यंत ती कोणालाच माहीत नसते. दर आठवड्याचा रकाना काढून टाकायला सांगा. त्याऐवजी 'चाळ रिकामी झाली' अशी एक नोंद आणि तिची तारीख मागा. त्या नोंदीशिवाय शिल्लक किती हा प्रश्न आला तर स्क्रीनवर 'भरलेलं वजन उणे विकलेलं वजन, सड वगळलेली नाही' असं स्पष्ट दिसू दे.

एक तपासून घ्या: एकाच चाळीत दोन सभासदांचा कांदा भरता का? भरत असाल तर वरच्या चुलत्या-पुतण्याचा तक्ता तुमच्या दिवाणजींसमोर ठेवा आणि ते काय दुरुस्त्या करतात ते इथे टाका.